पाणी राखणारे विश्वेश्वरय्या



आपल्या मंडळाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काहीतरी लिहून द्यावे असे ठरले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. किराण्याची यादी आणि भिशीचा हिशेब एवढेच माझे लिहिणे. पाककृती द्यावी तर त्या आठजणींनी आधीच दिलेल्या. मग अध्यक्षबाईंनी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहा असे सुचवले. पण जिजाबाई, अहिल्याबाई आणि सावित्रीबाई ह्या तिघी माझ्या आधीच वाटल्या गेल्या होत्या. म्हणून मी एका पुरुषाचे चरित्र लिहीत आहे, ह्याबद्दल कुणी रागावू नये. ज्या कामात ह्या गृहस्थांचा जन्म गेला ते काम शेवटी आपल्याच डोक्यावरच्या गुंडाशी येऊन पोचते.

त्यांचे नाव सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. नाव घ्यायला जड आहे. माझा धाकटा मुलगा शाळेत असताना १५ सप्टेंबरच्या अभियंता दिनाला त्याला ह्यांच्यावर भाषण करायचे होते, आणि ते पाठ करून घेता करता माझेच पाठ झाले. पण खरे लक्ष लागले ते २०१८ च्या उन्हाळ्यात. त्या वर्षी यवतमाळ शहरात पाण्याचा काय हाहाकार झाला तो आपल्यापैकी कितीतरी जणींना ठाऊक आहे. निळोणा आणि चापडोह ह्या दोन तलावांवर शहराचे नळ, आणि आधीच्या पावसाळ्याने दगा दिलेला. माझी धाकटी बहीण यवतमाळला असते. नळाला पाणी कधी येईल ह्याचा नेम नव्हता, आला टँकर की बायका अंगावरच्या लुगड्यानिशी धावत सुटत. मी एका रविवारी तिच्याकडे गेले तर तिने मला चहा विचारला आणि पाणी मात्र अर्धा पेलाच दिले. सख्ख्या बहिणीला अर्धा पेला देताना तिचा चेहरा कसा झाला होता तो मी विसरत नाही.

त्या वेळी जो तो म्हणे, आता बेंबळ्याचे पाणी यवतमाळला नेले पाहिजे. बेंबळा धरण आपल्या बाभुळगाव तालुक्यातले, खडक सावंग्याजवळचे. आणि माझे माहेर त्याच बेंबळेच्या काठचे, ते गाव धरणात गेलेले. म्हणजे ज्या अंगणात आम्ही दोघी बहिणी लगोऱ्या खेळलो त्या अंगणावर साठलेले पाणी बहिणीच्या नळाला जाणार. हे ऐकल्यावर मला आनंद मानावा की काय करावे ते कळेना. शहराचे पाणी वाढवायचे म्हणजे नेमके काय करतात, ते कोण ठरवतो, त्याच्या मनात काय येत असेल, हे मला जाणून घ्यावेसे वाटू लागले. मुलाने मला विश्वेश्वरय्यांचे एक मराठी पुस्तक आणून दिले. न कळले ते मी त्याला विचारले. तो आता पॉलिटेक्निकला आहे, त्यामुळे त्याला सांगण्याचा उत्साह फार. त्यावरून हे लिहिले आहे. चूक असेल ती माझी समजावी.

विश्वेश्वरय्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळी ह्या खेड्यात झाला. हे गाव चिक्कबळ्ळापूरजवळ, बंगळूरपासून फार लांब नाही. जन्मतिथी १५ सप्टेंबर, साल कुणी १८६० देतात, कुणी १८६१. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे पंडित, आई व्यंकटलक्ष्मम्मा. घराणे मूळचे आंध्रातल्या मोक्षगुंडम गावचे म्हणून ते नाव पुढे लागले. घरात विद्या होती, पैसा नव्हता. मुलगा शाळेत असतानाच वडील वारले. पुढे काय हा प्रश्न प्रत्येक विधवेपुढे असतो तो त्या माउलीपुढेही होता. तिने मुलाला शेतीत किंवा भिक्षुकीत गुंतवले नाही. चिक्कबळ्ळापूरची शाळा झाल्यावर बंगळूरला आपल्या भावाकडे धाडले. मामाची परिस्थितीही बेताचीच. तेव्हा हा मुलगा एका कुर्गी कुटुंबातल्या मुलांना शिकवण्या देऊ लागला, तिथेच राहायचा आणि कॉलेजला जायचा. १८८१ साली तो बी.ए. झाला.

तिथून तो आपल्या महाराष्ट्रात आला, हे मला ठाऊक नव्हते. म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती देऊन त्याला पुण्याच्या सायन्स कॉलेजात इंजिनिअरिंग शिकायला पाठवले. १८८३ च्या परीक्षेत तो सबंध मुंबई इलाख्यात पहिला आला. (आता इथून पुढे ‘ते’ म्हणते, पहिला नंबर आल्यावर एकेरी बोलणे बरे दिसत नाही.) पहिल्या आलेल्याला सरकारी नोकरी मिळत असे, त्याप्रमाणे १८८४ साली ते मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर झाले आणि नाशकास रुजू झाले.

लौकरच त्यांना खानदेशात धुळ्याकडे पाठवले. तिथे पांझरेच्या एका पाटाचे पाणी नाल्याखालून नळीने पलीकडे न्यायचे काम होते. ऐन पावसाळा. पुराने वाळू आणि गाळ भरून जाई, केलेले काम बुजून जाई. पावसाळा संपेपर्यंत काम थांबवावे असे त्यांनी वर लिहिले, तर वरिष्ठ नाराज झाले. नव्या नोकरीत साहेबाची नाराजी म्हणजे काय ते घरोघरच्या बायकांना सांगायला नको. त्यांनी तक्रार वाढवली नाही, पावसातच ते काम पुरे करून दाखवले. मग त्याच साहेबाने शाबासकी दिली.

१८९४ च्या सुमारास त्यांची बदली सिंधमध्ये सक्कर येथे झाली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. सक्करच्या लोकांचे दुखणे विचित्र. दाराशी सिंधूसारखी महानदी, आणि प्यायला पाणी नाही, कारण नदीचे पाणी बारा महिने गढूळ. पाणी गाळण्याच्या मोठ्या टाक्या बांधाव्या तर नगरपालिकेजवळ तेवढा पैसा नाही. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणली. वाळूतून झिरपून येणारे पाणी विहिरीत आपोआप स्वच्छ होऊन साठे, ते पंपाने वर चढवून गावाला दिले. हे वाचताना मी पुस्तक खाली ठेवले आणि हसले. हा तर आपला झिरा! उन्हाळ्यात नाल्याच्या वाळूत हाताने खड्डा करून, वाटीवाटीने पाणी उपसून गुंड भरणाऱ्या आपल्या आया आणि आज्या हेच करत नव्हत्या काय? फरक एवढाच की त्यांनी ते गणित मांडून, पक्के बांधून, सबंध शहराला पुरेल असे केले. १८९५ मध्ये सक्करला ते पाणी मिळाले. थोर माणूस आपल्यासारखाच विचार करतो हे पाहून बरे वाटते.

पुढे सुरतेला काही काळ काढून ते पुण्यास आले, आणि ज्या कामासाठी मी त्यांचे चरित्र निवडले ते काम त्यांनी तिथे केले.

पुण्याला पाणी मिळते ते खडकवासल्याच्या तलावाचे. मुठा नदीवरचे हे धरण कर्नल फाईफ ह्या इंग्रज इंजिनिअरच्या देखरेखीखाली बांधले गेले आणि १८७९-८० च्या सुमारास पुरे झाले. इंग्रज लोक त्याला फाईफचा तलाव म्हणत. पुणे शहर, खडकीची छावणी, आणि मुठेचे कालवे ह्या सर्वांचे पोट ह्या एका तलावावर. शहर वाढत चालले, छावणी वाढत चालली, आणि वीस वर्षांत तलाव अपुरा वाटू लागला. आपल्याकडे पाहुणे वाढले की आपण वरणात पाणी वाढवतो, पण पाण्यात काय वाढवणार?

सरळ उपाय दोन दिसतात. दुसरे धरण बांधावे, नाहीतर आहे त्याची भिंत उंच करावी. दोन्हीला पैसा फार लागतो. शिवाय भिंत एका ठरावीक उंचीचा भार सोसेल अशा बेताने पायापासून बांधलेली असते. तिच्यावर आणखी उंची चढवायची तर ती खालूनही जाड करावी लागते. नवऱ्याच्या शर्टाला नुसती कॉलर मोठी लावून चालत नाही, खांदेही सोडावे लागतात, तसेच हे.

विश्वेश्वरय्यांनी भिंत सोडून सांडव्याकडे पाहिले. सांडवा म्हणजे तलाव भरल्यावर जास्तीचे पाणी जिथून वाहून जाते तो धरणाचा मुद्दाम बुटका ठेवलेला भाग. आपल्या रांजणाला कडेला एक खाच ठेवली तर त्या खाचेच्या वर पाणी कधी राहायचे नाही, तसे. खडकवासल्याला दर पावसाळ्यात पूर येई, पाणी सांडव्यावरून सहा ते आठ फूट उंचीने धो धो वाहून जाई, आणि पूर ओसरला की तलाव पुन्हा सांडव्याच्या पातळीला येई. म्हणजे धरणाची भिंत दरवर्षी तेवढे जास्त पाणी काही काळ अंगावर घेतच होती. पाणी येत होते, भिंत सोसत होती, फक्त पाणी टिकत नव्हते. मग सांडव्यावर दारे बसवून पुराचे शेवटचे पाणी अडवून ठेवले तर? भिंत न वाढवता तलाव सुमारे आठ फूट जास्त भरेल.

ऐकायला सोपे. पण दारे बसवली की दुसरे भय उभे राहते. रात्री अपरात्री वर घाटात ढग फुटला, पूर आला आणि दार उघडायला माणूस वेळेवर पोचला नाही, तर पाणी भिंतीच्या डोक्यावरून जाईल आणि धरण फुटेल. खाली पुणे शहर. त्या काळी टेलिफोन नाही, वीज नाही. चौकीदाराला झोप लागू शकते, ताप येऊ शकतो. म्हणून त्यांनी अशी दारे योजली की त्यांना माणूसच नको. पूर आला की ती आपली आपण उघडतील, ओसरला की आपली आपण मिटतील.

हे कसे होते ते मला मुलाने तीनदा सांगितले तरी समजेना. शेवटी त्याने मला विहिरीवरची बादली आठवायला सांगितली. बादली पाण्यात बुडालेली असते तोवर दोराला वजन लागत नाही, एका हाताने हलते. पाण्याबाहेर आली की तीच बादली दोन्ही हातांना ओढ देते. बस, एवढेच. दाराला साखळीने दुसऱ्या बाजूला एक मोठे वजन लटकवलेले असते, आणि ते वजन एका हौदात असते. हौद कोरडा असतो तोवर वजन जड, ते दाराला मिटलेले धरून ठेवते. तलावाचे पाणी ठरवलेल्या रेघेच्या वर गेले की ते वाट काढून त्या हौदात शिरते. वजन पाण्यात बुडाले की बादलीसारखे हलके होते, तोल जातो आणि दार उघडते. पुराचे पाणी निघून जाते. तलाव रेघेखाली आला की हौद रिकामा होतो, वजन पुन्हा जड, दार पुन्हा बंद. पाणीच चौकीदार आणि पाणीच चावी.

इतकी वर्षे मी विहिरीतून बादली ओढली, हात सोलून निघाले, पण बादलीतली ही गोम कधी ध्यानात आली नाही. आपण ओढण्यात गुंतलेल्या असतो.

१९०३ साली ही दारे खडकवासल्याला बसली. वरिष्ठांनी त्यांना ह्या शोधाचे पेटंट घ्यायला लावले, म्हणजे दुसऱ्या कुणी ती दारे बसवली तर शोधकाला पैसे मिळावेत. पेटंट त्यांनी घेतले, पण सरकारी कामावर असताना केलेल्या कामाचे वेगळे पैसे घेणे त्यांना प्रशस्त वाटले नाही, म्हणून ते त्यांनी घेतले नाहीत. पुढे हीच दारे ग्वाल्हेरकडे आणि म्हैसूरकडेही गेली.

पुण्यातच असताना त्यांनी नीरा कालव्याच्या पाण्याची वाटणी नव्याने बसवली. तोवर कालव्याच्या तोंडाशी असलेल्यांनी वाटेल तेवढे पाणी घ्यावे, ऊस लावून जमिनी चिबडाव्या, आणि शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याने कोरड्या चारीकडे बघत बसावे असे चाले. त्यांनी जमिनीचे गट पाडले. प्रत्येक गटाला ठरलेले पाणी, त्यात थोड्या भागात ऊस, बाकी भागात कमी पाण्याची पिके, आणि तीही आलटून पालटून. शेतकऱ्यांनी आधी विरोध केला. ज्याला फुकट भरपूर मिळते त्याला मोजून दिलेले कधीच आवडत नाही. आमच्याकडच्या पाटसरीवरही तेच आहे, वरच्या वावरवाल्याची चारी ओली आणि खालच्याची सुकी. त्यावरून दोन भावांचे बोलणे बंद झालेले मला ठाऊक आहे. नावे सांगत नाही.

पुण्याच्या त्या दिवसांत न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले ह्यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. पुढे १९०६ साली सरकारने त्यांना एडनला पाणी व सांडपाण्याची योजना आखण्यासाठी धाडले. नंतर १९०८ मध्ये त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. पेन्शनला लागणारी पंचवीस वर्षे अजून भरायची होती, तरी सरकारने त्यांचे काम पाहून पेन्शन दिले. कितीतरी मोठ्यांना ओलांडून ते वर चढले होते आणि सर्वांत वरची जागा हिंदी माणसाला मिळण्याची आशा त्या राज्यात फारशी नव्हती.

त्याच साली, २८ सप्टेंबर १९०८ ला, हैदराबादेत मुसी नदीला भयंकर पूर आला. हजारो माणसे वाहून गेली. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावून घेतले. त्यांनी शहराच्या वरच्या अंगाला दोन मोठे तलाव करावेत असे सांगितले, पावसाळ्यात पूर अडेल आणि उन्हाळ्यात तेच पाणी शहर पिईल. उस्मानसागर १९२० ला आणि हिमायतसागर १९२७ ला पुरे झाले. ज्या पाण्याने माणसे नेली तेच पाणी पुढे घराघरात आले. आपल्या मंडळातल्या ज्या भगिनींच्या मुली हैदराबादला दिल्या आहेत त्यांनी हे नातवंडांना जरूर सांगावे.

१९०९ च्या अखेरीस म्हैसूरच्या महाराजांनी त्यांना आपल्या संस्थानात मुख्य इंजिनिअर म्हणून आणले. तिथले त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे कावेरीवरचे कृष्णराजसागर धरण. खर्चाचा आकडा पाहून दरबारातले हिशेबनीस घाबरले, पण महाराज कृष्णराज वडियार ह्यांनी मान्यता दिली आणि १९११ ला काम सुरू झाले. मग खालच्या अंगाच्या मद्रास सरकारने हरकत घेतली, की तुम्ही सारे पाणी अडवले तर आमच्या शेतांना काय? पुष्कळ लिहापढीनंतर ऐंशी फूट उंचीपर्यंत परवानगी मिळाली. विश्वेश्वरय्यांच्या मनात होते सुमारे एकशेतीस फुटांचे धरण. त्यांनी काय करावे? भिंत परवानगीपुरती, पण पाया पुऱ्या उंचीचा घातला. आज ना उद्या परवानगी येईल, तेव्हा पाया उकरत बसायला नको. खडकवासल्याला भिंत तशीच राहू देऊन साठा वाढवला होता, इथे भिंत वाढणार हे धरूनच पाया घातला. भांडण पुढे १९२४ च्या कराराने मिटले आणि १९३१ च्या सुमारास धरण पुऱ्या उंचीचे झाले. दहा हजारांच्या आसपास मजूर त्यावर राबत होते. सिमेंट मिळण्यासारखे नव्हते म्हणून चुना आणि विटांची भुकटी, म्हणजे सुरकी, वापरून ते बांधले आहे आणि आजही उभे आहे. मंड्याकडची कोरडी जमीन त्या पाण्याने उसाची झाली.

पण कावेरीकाठची गावे त्यात बुडाली. कन्नंबाडी नावाचे गाव होते, त्याच्यावरून तिथले लोक अजून त्या धरणाला कन्नंबाडीचे धरण म्हणतात. माझ्या पुस्तकात ह्या गावांबद्दल दोनच ओळी आहेत, आणि धरणाच्या उंची लांबीबद्दल चार पाने. मी त्या दोन ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. लेखकाला दोष देत नाही. ज्याचे गाव गेलेले नसते त्याला दोन ओळी पुष्कळ वाटतात.

आमचे गाव उठले तेव्हा माझ्या वडिलांनी घराचा सागवानी दरवाजा चौकटीसकट काढून बैलगाडीत घातला. मोबदला मिळाला, नव्या गावठाणात प्लॉट मिळाला, घरही बांधले. पण विहीर कशी उचलून नेणार? आईने तिच्या काठावर हळदीकुंकू वाहिले आणि बादली मात्र सोबत आणली. ती बादली अजून तिच्याकडे आहे, तळ गेला आहे तरी टाकू देत नाही. विश्वेश्वरय्यांसारख्या माणसाने हे पाहिले असते तर काय म्हटले असते असे माझ्या मनात येते. त्यांच्या हिशेबात एका बाजूला लाखो लोकांचे पाणी आणि दुसऱ्या बाजूला थोडी गावे. हिशेब चुकीचा आहे असे मला म्हणता येत नाही. माझी बहीण अर्धा पेला पाणी देताना मी पाहिली आहे. आणि बरोबर आहे असेही आईसमोर बसून म्हणता येत नाही.

१९१२ ते १९१८ अशी सहा वर्षे ते म्हैसूरचे दिवाण होते. त्या काळात १९१३ ला म्हैसूर बँक आणि १९१६ ला म्हैसूरचे विद्यापीठ निघाले. शाळा वाढल्या, मुलींच्या शिक्षणाकडेही त्यांचे लक्ष होते. भद्रावतीच्या लोखंडाच्या कारखान्याचे बीज त्यांचेच. दिवाण होण्यापूर्वी त्यांनी आई आणि सगळ्या नातेवाइकांना एकत्र बसवले आणि कुणीही आपल्याकडे कुणाची शिफारस आणायची नाही असे कबूल करून घेतले, असे सांगतात. घरचे काम करताना सरकारी मेणबत्ती विझवून स्वतःची लावत, अशीही गोष्ट मुलाच्या भाषणात होती. ती खरी असो नसो, लोकांना ती खरी वाटावी असे त्यांचे वागणे होते हे नक्की. सूट, फेटा, वेळेवर येणे, वेळेवर जाणे. घरात असा माणूस असता तर स्वयंपाकघरातल्या बाईची तारांबळ उडाली असती!

एका बाबतीत मात्र माझे त्यांच्याशी जमत नाही. मागे राहिलेल्या जातींच्या लोकांना सरकारी नोकरीत जागा राखून द्याव्यात असा विचार महाराजांनी चालवला आणि १९१८ मध्ये त्यासाठी समिती नेमली. विश्वेश्वरय्यांना ते मान्य नव्हते. नोकरी गुणांवरच मिळावी असे त्यांचे मत, आणि त्याच वर्षी त्यांनी दिवाणगिरी सोडली. तत्त्वासाठी खुर्ची सोडली हे मोठेपणच. पण नीरेच्या कालव्यावर शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी पोचावे म्हणून ज्यांनी वरच्यांचे पाणी मोजून दिले, त्यांना हे कसे दिसले नाही, असा प्रश्न मला पडला. मी सातवीतून शाळा सोडली ती गुण कमी पडले म्हणून नव्हे.

नोकरी सुटली तरी ते रिकामे बसले नाहीत. १९१५ सालीच त्यांना सर ही पदवी मिळाली होती. देशात कुठे धरण, कुठे नळयोजना, कुठे कारखाना असे काही निघाले की त्यांना बोलावणे येई. बंगळूर शहराला पाणी कमी पडू लागले तेव्हा तिप्पगोंडनहळ्ळीचे धरण त्यांच्या सल्ल्याने झाले, ते १९३३ ला. स्वातंत्र्यानंतर बिहारात मोकामा येथे गंगेवर पूल कुठे बांधावा ते पाहायला हे नव्वदी ओलांडलेले गृहस्थ स्वतः गेले. १९५५ साली त्यांना भारतरत्न मिळाले. १९६० च्या सप्टेंबरात त्यांची शंभरी साजरी झाली, पोस्टाने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले. जिवंतपणी तिकिटावर चित्र यावे असे भाग्य फार थोड्यांचे.

आणि पुढच्याच वर्षी, १२ जुलै १९६१ ला, पुण्याजवळचे पानशेतचे धरण फुटले. ते अजून पुरते बांधून झाले नव्हते, ऐन पावसात भरले आणि फुटले. तो सगळा लोंढा खाली खडकवासल्यावर आला आणि खडकवासल्याची जुनी भिंतही फुटली. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, पुण्यात हाहाकार झाला. पुरापासून भिंत वाचावी म्हणून ज्यांनी आपली आपण उघडणारी दारे योजली होती, ते त्या दिवशी बंगळूरला शंभर वर्षांचे होऊन हयात होते. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी त्यांनी ज्या पुराचा हिशेब केला होता तो पावसाचा होता, दुसरे धरण फुटून येणाऱ्या पाण्याचा नव्हता. ती बातमी त्यांना कुणी सांगितली असेल, कशी सांगितली असेल, हे माझ्या पुस्तकात नाही. खडकवासल्याची भिंत पुढे पुन्हा बांधली गेली आणि पुणे अजूनही तिथले पाणी पिते.

१४ एप्रिल १९६२ रोजी विश्वेश्वरय्या वारले. मुद्देनहळ्ळीला, जिथे जन्मले तिथेच, त्यांची समाधी आहे.

गेल्या श्रावणात आम्ही दोघी बहिणी आईला घेऊन बेंबळा धरणावर गेलो होतो. पाऊस चांगला झाला होता. आईने डोळ्यांवर हात धरून कितीतरी वेळ पाण्याकडे पाहिले, मग बोट करून विहीर कुठे असेल ते दाखवले. बहीण म्हणाली इकडे नाही, तिकडे. मला तर दोन्ही ठिकाणी नुसते पाणीच दिसत होते. मुलगा सोबत होता, तो सांडव्याच्या दारांकडे पाहून आजीला ती कशी चालतात ते सांगू लागला. आईने सगळे ऐकून घेतले आणि हे पाणी अजून किती वर चढवणार आहेत ते विचारले. त्याला सांगता आले नाही. मग आम्ही सोबत आणलेला डबा सोडला आणि जेवून घेतले.